साथीच्या काळातला शेजारी

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



शंभर वर्षे अखंडपणे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या या वास्तूत उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. या वाचनालयाचा मी शाळकरी वयापासूनचा सभासद. गोमंतकात मराठी वाचनाची आवड ज्या संस्थांनी टिकवून धरली त्यांत या संस्थेचे स्थान किती वरचे आहे, हे आपणांस मी सांगण्याची गरज नाही.

व्याख्यानाचा विषय काय ठेवावा, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा संतवाङ्मय किंवा नाट्यपरंपरा यांपैकी काही मी सुचवीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘महामारी आणि ख्रिस्ती करुणा’ असा विषय सांगताच ते क्षणभर थांबले. ‘आपल्या सभासदांना हा विषय जरा परका वाटेल का?’ असे त्यांनी सौजन्याने विचारले. मला तो परका वाटत नाही. तसे का, हे आधी सांगितले पाहिजे. ते लपवून पुढचे काही बोललो तर ते बोलणे प्रामाणिक होणार नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या घराला लागून, मध्ये केवळ एक चिऱ्यांचा गडगा, एका ख्रिस्ती कुटुंबाचे घर आहे. शेजार चाळीस वर्षांचा. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जाव्यात, नाताळात त्यांच्याकडून दोदोल आणि बेबिंका यावी, असा आमचा व्यवहार. त्या घरचा मुलगा जहाजावर नोकरीला असतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देश बंद झाला आणि तो कुठल्याशा दूरच्या बंदरात अडकला. काही महिन्यांनी परतला, विलगीकरणाची मुदत त्याने पुरी केली, तपासणीत तो निर्दोष ठरला आणि घरी यायला निघाला. त्याच सुमारास आमच्या वाड्यावर कुजबुज सुरू झाली. पाहता पाहता पंचायतीला द्यायचा एक अर्ज तयार झाला. या तरुणाला आणखी काही दिवस वाड्यावर येऊ देऊ नये, अशी त्यात विनंती होती. अर्जाची भाषा निर्दोष होती, कारण ती मीच तपासून दिली होती. खाली माझी सहीही होती.

पुढल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, गोव्यात साथीने हाहाकार माजवला तेव्हा मी आणि माझी पत्नी दोघेही अंथरुणाला खिळलो. मुले परदेशी. अर्जावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांपैकी कुणी आमच्या दारापाशी फिरकले नाही. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही फिरकलो नसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून हाक आली, ‘मास्तर, पेज दवरल्या. हून आसा, बेगीन घेयात.’ गडग्यावर झाकलेले भांडे होते आणि शेजारच्या बाय तोंडाला मुखपट्टी बांधून पाच-सहा पावले मागे उभ्या होत्या. पुढे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती हाक चुकली नाही.

बरे झाल्यावर मी त्यांना विचारले, ‘तुम्हाला भीती नाही वाटली?’ त्या म्हणाल्या, ‘भंय दिसता, मास्तर. पूण तुमी शेजारी न्हय?’

शेजारी हा शब्द मी तोवर हजारदा उच्चारला असेन. त्या दिवशी तो मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतरच्या वर्षांत मी जे काही वाचले, त्यातले पुष्कळसे याच वाचनालयाच्या कपाटांतून घेऊन वाचले, ते या एका शब्दाच्या मागोव्याने. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

ख्रिस्ती विचारात ‘शेजारी’ या शब्दाला जे वजन आहे त्याचे मूळ लूकच्या शुभवर्तमानातील एका दृष्टान्तात सापडते. एका शास्त्र्याने येशूला विचारले की, ज्याच्यावर प्रेम करावे असे शास्त्र सांगते तो माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या केली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एका प्रवाशाला लुटारूंनी लुटले आणि अर्धमेला करून टाकून दिले. एक याजक आला आणि बगल देऊन गेला. मंदिरातील सेवेचा मान असलेला एक लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. शोमरोनी आणि यहुदी यांचे पिढीजात वैर. एकमेकांच्या हातचे पाणीही त्यांना वर्ज्य वाटावे असा दुरावा. त्या परक्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर घातले, उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली. सकाळी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवून, अधिक खर्च झाल्यास परतीच्या वेळी देईन, असे सांगून तो पुढे गेला.

गोष्ट संपल्यावर येशूने शास्त्र्याला उलट विचारले की, या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्र्याचा प्रश्न होता, माझ्या प्रेमाची हद्द कुठवर? येशूने ती हद्द बाजूला सारून, तू कुणाच्या जवळ गेलास, असे विचारले. या दृष्टान्तात भावनेचे वर्णन एका शब्दात आटोपते. उरलेली सारी जागा तेल, पट्टी, वाहन, मुक्काम आणि पैसा यांना दिली आहे. आजाऱ्याची व्यवस्था कशी लावावी, याचे ते एक छोटेसे टिपणच म्हणावे.

महामारीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. एरवी माणूस आजारी पडला की आपण त्याला भेटायला जातो. साथीत तोच माणूस आपल्याला धोका दिसू लागतो. त्याचे नाव, त्याचे नाते, त्याने आपल्यासाठी केलेले सारे मागे पडते आणि तो केवळ रोगाचा वाहक उरतो. म्हातारे, एकटे, गरीब, परगावाहून आलेले यांच्या वाट्याला हे आधी येते, कारण त्यांच्यामागे बोलणारे कुणी नसते. भीती नैसर्गिक आहे. भीतीने माणसाची ओळख पुसू द्यायची की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ आली. कार्थेजचा धर्माध्यक्ष सिप्रियन याच्या नावाने इतिहासात ती ओळखली जाते. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष डायोनिसियस याने त्या काळाचे वर्णन एका पत्रात केले असून, युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात ते जतन झाले आहे. आजाऱ्यांना लोक घराबाहेर काढत होते, जिवंतपणीच रस्त्यावर टाकत होते. ख्रिस्ती मंडळी मात्र आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिली आणि त्यांतील कित्येक त्यांच्यासह मेली, असे तो लिहितो. डायोनिसियस आपल्याच पंथाची बाजू मांडत होता, हे ध्यानात ठेवून ते पत्र वाचले पाहिजे; इतर सारेच निर्दय आणि आपले सारेच दयाळू, असे चित्र कोणत्याही समाजाचे खरे नसते. तथापि सिप्रियनविषयीची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्यापुरते पाहू नका, ज्यांनी आपला छळ केला त्यांनाही साहाय्य करा, असा त्याचा आग्रह होता, असे त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो. हा छळ कल्पित नव्हता. सन २५८ मध्ये सिप्रियनचा रोमन सत्तेने शिरच्छेद केला.

या शुश्रूषेने प्रत्यक्षात काय साधले असेल? औषध तर कुणापाशीच नव्हते. विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या, रोगराई आणि मानवी समाज यांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक साधा मुद्दा मांडला आहे. समाजाची घडी विस्कटलेली असताना नुसते अन्न आणि पाणी वेळेवर तोंडी लावले, तरी एरवी मेले असते असे पुष्कळ रोगी जगतात. ते वाचताना गडग्यावरचे ते भांडे माझ्या डोळ्यांपुढे आले. पंधरा दिवसांच्या त्या पेजेला मी उपकार समजत होतो. ते औषधही होते.

परंतु करुणेच्या नावाखाली अविचार करावा काय? हा प्रश्न १५२७ साली मार्टिन ल्यूथर यांच्यापुढे आला. त्यांच्या विटेनबर्ग नगरात प्लेग शिरला, विद्यापीठ येना येथे हलवण्यात आले, ल्यूथर मात्र मागे राहिले. जीवघेण्या साथीतून पळून जावे की नाही, अशी विचारणा ब्रेस्लाऊच्या धर्मगुरूंकडून झाली होती. तिला त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे, मग तो धर्मगुरू असो, नगराधिकारी असो, वैद्य असो वा घरधनी, त्याने जाऊ नये. ज्याच्यावाचून कुणाचे अडत नाही आणि आजाऱ्यांची सोय झालेली आहे, त्याने गेल्यास दोष नाही. त्याचबरोबर त्यांनी आणखी एका प्रकारच्या माणसांना खडसावले आहे. देव तारील असे म्हणून औषध न घेणारे, नको तिथे मिसळणारे आणि दुसऱ्याला रोग देणारे लोक श्रद्धाळू नसून बेजबाबदार आहेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. आमच्या शेजारच्या बाय पाच-सहा पावले मागे उभ्या राहत होत्या. ल्यूथर यांचे नावही त्यांनी ऐकले नसेल; पण जवळ येणे आणि अंतर राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधाव्यात, हे त्यांना कळत होते.

आता मी आपल्या मातीकडे येतो. सासष्टीतील बाणावली गावी २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले, सांकवाळच्या घराण्यातील जुझे वाझ हे कोकणी मातृभाषेचे धर्मगुरू. श्रीलंकेतील कॅथलिकांना धर्मगुरूच उरले नाहीत, हे समजल्यावर १६८७ मध्ये ते वेषांतर करून जाफन्यात उतरले. डचांनी तो किनारा पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती. उतरताच अतिसाराने त्यांना गाठले. परक्या भूमीवर आजारी आणि असहाय होऊन पडण्याचा अनुभव त्यांनी सेवेच्या आरंभीच घेतला. पुढे १६९२ मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध होता. कालांतराने त्याचा संशय फिटला.

आणि मग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि सरदार नगर सोडून गेले. ज्यांच्या अंगावर फोड दिसत त्यांना आप्तेष्ट रानात नेऊन सोडीत. प्रेतांना माती मिळेना. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जुझे दि कार्व्हालो हे दोघे नगरात राहिले. ओस पडलेल्या घरांत त्यांनी रोग्यांना आणून ठेवले, त्यांना धुतले-पुसले, भरवले, पाणी पाजले आणि जे गेले त्यांना पुरले. ख्रिस्ती कोण आणि बौद्ध कोण, असा भेद त्यात नव्हता. हे काम एका वर्षाहून अधिक काळ चालले. जेन्नरने देवीची लस प्रथम टोचून पाहिली ती १७९६ साली; म्हणजे ती यायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती. फादर वाझ यांच्या हाती कसलेही औषध नव्हते. पाणी, कांजी, स्वच्छता आणि सोबत, एवढेच त्यांच्यापाशी होते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांचे देहावसान झाले. पुढे १९९५ साली कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि त्याच नगरीत १४ जानेवारी २०१५ रोजी संतपद देण्यात आले. आपल्या भूमीतून गेलेला एक मनुष्य परक्या राज्यात, परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या लोकांना त्यांच्या आप्तांनी सोडल्यावर शेजारी झाला, ही गोष्ट गोमंतकीय म्हणून आपण सर्वांनी, आपला धर्म कोणताही असो, अभिमानाने सांगावी अशी आहे.

मला ठाऊक आहे की, या सभागृहात काहींच्या मनात आता एक प्रश्न उभा राहिला असेल. गोव्यातील हिंदू मनाला मोडलेली देवळे आणि १५६० साली आलेले इन्क्विझिशन विसरता येत नाही. सेवेच्या आडून धर्मांतर हाच हेतू नव्हता का, असे विचारणारा आपल्यात कुणी असेल, तर त्याचा प्रश्न अप्रामाणिक नाही. फादर वाझ हे धर्मप्रसारकच होते. ते आपला धर्म लपवीत नव्हते. परंतु रानात टाकलेल्या, काही दिवसांत मरणार अशी खात्री असलेल्या माणसापासून धर्माला कसला लाभ व्हायचा? ज्याच्याकडून परतफेडीची शक्यताच नाही अशाची सेवा वर्षभर, स्वतःचा जीव धोक्यात घालून करणाऱ्याच्या मनात हिशेब होता असे मानायला माझे मन तयार होत नाही. सेवेला अट जोडली की ती सेवा राहत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. त्या तत्त्वावरही कँडीची गोष्ट टिकते.

या गोष्टीनंतर दोनशे वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात लोक अचानक तापाने आणि गाठींनी मरू लागले. धान्याच्या वखारी, दाट वस्ती, उंदरांचा सुळसुळाट, असा तो भाग. तेथे व्यवसाय करणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे बार्देशातील हडफडे गावचे ख्रिस्ती गृहस्थ. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले आणि जाहीरपणे सांगितले. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेग म्हटले की जहाजांवर निर्बंध येणार, व्यापार बसणार; त्यामुळे हे नाव कुणालाच ऐकायचे नव्हते. आरंभी त्यांच्या निदानावर अविश्वास दाखवला गेला, पण तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले. मग लाखो लोक मुंबई सोडून जाऊ लागले. डॉ. व्हिएगस मांडवीतल्या त्याच चाळींतून रोगी तपासत राहिले आणि गलिच्छ वस्त्यांच्या सफाईसाठी झगडत राहिले.

साथीत आजाऱ्याजवळ राहणे ही जशी करुणा, तसेच कुणाला नको असताना रोगाचे खरे नाव घेणे हीही करुणाच होय. ते नाव दडवले असते तर मेली असती ती मांडवीतली हमाल आणि मजूर माणसेच. बंगल्यांतील लोक केव्हाच दूर निघून गेले असते. मुंबईत धोबी तलावाजवळ, ज्या परिसरात गोव्याहून पोटासाठी गेलेल्यांचे कूड होते, तेथे मेट्रो चित्रपटगृहासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आहे. तेथून जाताना आपल्यापैकी कुणाची दृष्टी त्याकडे जावी, एवढ्यासाठी हे सांगितले.

मुंबईहून प्लेग पुण्याला पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. संशयितांना वेगळ्या छावणीत आणि इस्पितळात नेले जाऊ लागले. रोग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तोवर राज्यकर्त्यांना रोगाची वाटच उमगलेली नव्हती. त्या अज्ञानापायी बायकांची विटंबना झाली, देवघरांत बूट गेले, घरातले सामान जाळले गेले. हे राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ख्रिस्ती सत्ता आणि ख्रिस्ती करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा त्या वर्षीच्या पुण्याने दिला.

आणि तो पुरावा मांडणारी एक व्यक्ती स्वतः ख्रिस्ती होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या शारदा सदनात मुली ख्रिस्ती होत आहेत, या आरोपावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने त्यांच्यावर कडाडून टीका केली होती. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा यांना घेऊन त्या आल्या, तेव्हा प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय करावी लागली आणि त्यातूनच ‘मुक्ती’ उभी राहिली. अशा वेळी, मे १८९७ मध्ये, ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात रमाबाईंनी एक पत्र प्रसिद्ध केले. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची काय स्थिती आहे आणि तेथे नेलेल्या आपल्या एका मुलीच्या वाट्याला काय आले, हे त्यांनी उघडपणे लिहिले. तो विषय ब्रिटिश संसदेत निघाला. सरकारने त्यांचे म्हणणे चुकीचे ठरवले.

रमाबाईंची स्थिती ध्यानात घ्या. स्वधर्मीय राज्यकर्त्यांची मर्जी सांभाळणे त्यांच्या संस्थेच्या हिताचे होते. हिंदू पुणे त्यांच्यावर आधीच रुष्ट होते. शेकडो अनाथ मुलींचा भार त्यांच्या शिरावर होता. गप्प बसण्याची इतकी कारणे असूनही, आपल्याच धर्माच्या पत्रातून, आपल्याच धर्माच्या सत्तेला त्यांनी एका मुलीचा जाब विचारला. त्यांना ‘रोगी अमुक, संशयित तमुक’ असे आकडे दिसत नव्हते. आपल्या घरातून नेलेली एक मुलगी दिसत होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्याशी भांडणारे टिळकही त्याच वेळी, आपल्या मार्गाने, अधिकाऱ्यांच्या वर्तनावर कोरडे ओढीत होते आणि पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ चालवीत होते. साथीने या दोन विरोधकांना एकाच बाजूला आणून उभे केले.

करुणा कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नाही, हे सांगायला त्याच पुण्यातले दुसरे नाव पुरेसे आहे. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या आणि स्वतः त्या रोगाच्या बळी होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्यांच्या पाठीवरचा मुलगा आणि यरीहोच्या वाटेवरच्या जनावरावरचा जखमी, ही दोन चित्रे मला एकाच पानावरची वाटतात.

मित्रहो, या साऱ्या वाचनाचा हिशेब मी आता मांडतो. अलेक्झांड्रियातील अनाम माणसे, फादर वाझ, डॉ. व्हिएगस, पंडिता रमाबाई यांपैकी कुणीही साथ थांबवली नाही. त्या वर्षी सुरू झालेल्या प्लेगने पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. साथ थांबते ती ज्ञानाने, लसीने, स्वच्छ पाण्याने, चांगल्या घरांनी आणि सक्षम इस्पितळांनी; त्या कामाला पर्याय नाही. परंतु हे सारे येईपर्यंत, आणि आल्यावरही, कुणीतरी खाटेवरच्या माणसाला नावाने हाक मारावी लागते. ती हाक मारणारा शेजारी.

हे भाषण लिहून झाल्यावर, ते आपल्यापुढे वाचण्याआधी, एक गोष्ट करणे मला भाग होते. गेल्या रविवारी संध्याकाळी मी गडग्यापाशी गेलो, बायना हाक मारली आणि त्या अर्जाची हकिकत सांगितली. भाषा मी तपासली होती आणि सही माझी होती, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘म्हाका खबर आसा, मास्तर. मराठी बरें बरयल्लें म्हण सगळे सांगताले.’

म्हणजे पेजेचे पहिले भांडे गडग्यावर ठेवतानाही त्यांना ते ठाऊक होते. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाला याहून मोठा शेरा कुणी दिला नसेल. मी मान खाली घालून उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या पत्नीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि त्या दिवा लावायला आत गेल्या.

जाता जाता, ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. २०२० मध्ये आपलेही दार बंद झाले होते आणि ते योग्यच होते. पण देवघेवीच्या नोंदवहीत सर्व सभासदांची नावे आणि पत्ते होते. त्यांतील कितीतरी सत्तरीपुढचे होते, कितीतरी घरात एकटेच राहत होते. ती वही कपाटात बंद राहिली. मीही तिची आठवण कुणाला करून दिली नाही. अशी वेळ पुन्हा येईल. इतिहास वाचणाऱ्याला याविषयी शंका राहत नाही. तेव्हा आपण आजच त्या वहीतून एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांची एक यादी करावी, दर चार-पाच जणांमागे एका तरुण सभासदाचे नाव लिहावे आणि दर वर्षी वर्गणीच्या वेळी ती यादी तपासून घ्यावी. साथ आली की त्याने रोज एकदा फोन करावा. शक्य असेल तर दाराबाहेर औषध, दूध आणि एखादे पुस्तक ठेवून पाच-सहा पावले मागे उभे राहावे. याला फारसा खर्च नाही. शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या संस्थेला हे अवघड जाऊ नये.

यादीत पहिल्या तरुणाचे नाव कुणाचे लिहायचे ते आपण ठरवावे. वृद्धांच्या यादीत माझे नाव घालायला हरकत नाही; परंतु माझ्या दारापाशी कुणी येण्याची तितकी निकड नाही. माझ्याकडे गडगा आहे.